मातीची मस्तके काय बोलतात?

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात नुकताच यान श्वांकमायर या चेक दिग्दर्शकाचा 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग' हा १९८२ सालचा, सुमारे १२ मिनिटांचा प्रायोगिक अ‍ॅनिमेशनपट दाखवण्यात आला. त्याच्या पहिल्या भागात फळाभाज्यांचे, भांड्यांचे आणि पुस्तके-कागदांचे अशी तीन मस्तके एकमेकांना गिळतात. नंतरच्या चर्चेत एका सभासदांनी ती शेतकरी, कामगार आणि बुद्धिजीवी यांची प्रतीके असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी ती निसर्ग, यंत्र आणि संस्कृती असल्याचा आग्रह धरला. चर्चा तिथेच अडली. यातला बरोबर अर्थ कोणता? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मंडळात मांडले गेलेले दोन्ही अर्थ सर्वस्वी चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र दोघांचीही एकच घाई झाली आहे. मस्तक कशाचे बनले आहे एवढे पाहून दोघांनी त्याला नाव दिले आणि पुढे त्या मस्तकाचे काय होते याकडे लक्ष देण्याचे थांबवले. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर दोघांनी नामे गोळा केली आणि क्रियापदे सोडून दिली. हा चित्रपट तर जवळजवळ संपूर्णपणे क्रियापदांचा बनलेला आहे.

पडद्यावर काय घडते ते क्रमाने आठवून पाहा. भांड्यांचे मस्तक खाद्यपदार्थांच्या मस्तकाला गिळते, त्याच्या आत झाकणे आणि सुऱ्या चालू लागतात, भाज्या चिरल्या जातात, आणि मग ते सगळे ओकले जाते. ओकलेल्या तुकड्यांचे पुन्हा मस्तक बनते, पण आता ते तुकड्यांचे असते. त्यानंतर कागदांचे मस्तक भांड्यांना गिळते आणि वाकवून, मोडून बाहेर टाकते. पुढे खाद्यपदार्थांचे मस्तक कागदांना गिळते आणि लडबडून टाकते. मुले हाताने खेळतात त्या दगड-कागद-कात्रीच्या खेळासारखी ही रचना आहे: प्रत्येक जण कोणाला तरी हरवतो, कोणाकडून तरी हरतो, आणि कायमचा विजयी कोणीच ठरत नाही. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात आणि तुकडे बारीक होत जातात.

हा चित्रपट मी एकदा मित्रमंडळींना दाखवला होता. त्यांत आयुष्यभर पिठाची गिरणी चालवलेले एक वयस्क गृहस्थ होते. प्रतीकांची चर्चा रंगली असताना ते बराच वेळ गप्प होते आणि शेवटी म्हणाले, "पहिल्यांदा भरड निघाली, मग रवा, मग पीठ, आणि शेवटी वस्त्रगाळ. वस्त्रगाळ झाल्यावर गहू कोणता आणि ज्वारी कोणती, ते हाताला कळत नाही." या भागाविषयी यापेक्षा नेमके वाक्य मी आजवर ऐकलेले नाही. कारण शेवटच्या फेरीत नेमके हेच होते: तिन्ही मस्तके दळून दळून गुळगुळीत मातीची होतात, त्यांना माणसाचा हुबेहूब चेहरा येतो, आणि मग एक चेहरा अगदी आपल्यासारखाच दुसरा चेहरा ओकतो, तो तिसरा ओकतो, आणि हे चालूच राहते. सुरुवातीची मस्तके ओबडधोबड होती, पण प्रत्येकाला स्वतःचा रंग होता, पोत होता. शेवटचे मस्तक सर्वांत 'माणसासारखे' आहे आणि त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीही उरलेले नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, यातच या भागाचा गाभा आहे असे मला वाटते.

आता आपल्या सभासदांचे अर्थ याला लावून पाहा. शेतकरी, कामगार, बुद्धिजीवी हे नाव दिले तर पहिली फेरी छान उलगडते, पण ते तिघेही शेवटी एकाच साच्याचे का होतात, याचे उत्तर त्या नावात नाही. निसर्ग, यंत्र, संस्कृती या नावांचेही तसेच. माझी कसोटी साधी आहे: जो अर्थ चित्रपटाच्या शेवटच्या क्षणापर्यंत आपल्याबरोबर चालतो तो ठेवावा, आणि जो पहिल्याच वळणावर मागे राहतो त्याला निरोप द्यावा.

आपल्या साहित्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा म्हणजे सरळ वाच्यार्थ, लक्षणा म्हणजे त्याऐवजी घ्यावा लागणारा दुसरा अर्थ, आणि व्यंजना म्हणजे नुसता सुचवला जाणारा अर्थ. बहुतेक वेळा प्रतीक म्हणून आपण जे शोधतो ती खरे तर लक्षणा असते, म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवली की काम भागते. श्वांकमायर १९७० पासून प्राग येथील सर्रिअलिस्ट, म्हणजे अतिवास्तववादी कलावंतांच्या, गटात होते, आणि अशा गुप्त लिपीसारख्या, एकास एक जुळणाऱ्या प्रतीकांवर त्या परंपरेचा कधीच भर नव्हता. त्यांच्या चित्रपटांत वस्तू आधी वस्तूच असते. सुरी चिरते, कागद चुरगळतो, आणि त्या चिरण्या-चुरगळण्यातून जे ध्वनित होते ते व्यंजनेच्या जातीचे असते. वाच्यार्थ तिथे नाहीसा होत नाही. तो दिव्यासारखा जागेवरच राहतो आणि आजूबाजूचे उजळवतो.

शीर्षकांकडेही लक्ष वेधतो, कारण इंग्रजीत त्यांची हानी झाली आहे. मूळ चेक नाव 'मोझ्नोस्ती दिअलोगु' असे आहे आणि त्याचा सरळ अर्थ 'संवादाच्या शक्यता' असा होतो. पहिल्या भागाच्या नावातील 'व्येत्स्नी' हा शब्द 'व्येत्स' म्हणजे वस्तू यावरून आला आहे आणि त्याचा रूढ अर्थ मुद्द्याला धरून असलेला, तथ्यावर आधारलेला असा आहे. मराठीचे येथे भाग्य असे की आपल्याकडे 'वस्तुनिष्ठ' हा शब्द अगदी त्याच घडणीचा आहे. 'वस्तुनिष्ठ संवाद' असे नाव देऊन खरोखरच्या वस्तूंना एकमेकींवर सोडणे, हा अर्थ चेक प्रेक्षकानंतर कदाचित मराठी प्रेक्षकालाच इतक्या सहज लागेल.

राहिला राजकारणाचा प्रश्न. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा करारातील, म्हणजे सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील, देशांचे सैन्य चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि त्यानंतर सगळा समाज एका साच्यात बसवण्याचा जो काळ आला त्याला तिथे 'सामान्यीकरण' असे म्हटले जाई. श्वांकमायर यांना सत्तरच्या दशकात काही वर्षे चित्रपट करू दिले गेले नाहीत. प्रस्तुत चित्रपटाला १९८३ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात लघुपटांसाठीचे 'सुवर्ण अस्वल' हे पारितोषिक आणि फ्रान्समधील आन्सी येथील अ‍ॅनिमेशन महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मायदेशी मात्र त्यावर बंदी आली आणि कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या विचारधारा आयोगाला तो 'असे चित्रपट होता कामा नयेत' याचा नमुना म्हणून दाखवण्यात आला. या चित्रपटात एकही घोषणा नाही, ध्वज नाही, मुळात बोललेला एकही शब्द नाही. हा संदर्भ अवश्य ध्यानात घ्यावा, पण तोच एकमेव अर्थ मानला तर चित्रपट १९८९ साली, तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळताच, कालबाह्य झाला असे म्हणावे लागेल, आणि तो तर आपल्या मंडळात आजही लोकांना भांडायला लावतो आहे.

प्रश्न : याच चित्रपटाच्या दुसऱ्या भागात मातीचे स्त्री-पुरुष एकरूप होतात आणि वेगळे झाल्यावर टेबलावर मातीचा एक छोटा गोळा उरतो. तो गोळा म्हणजे नको असलेले मूल, असे सगळीकडे वाचायला मिळते. मला ते पटते, पण पुरेसे वाटत नाही. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपली अस्वस्थता योग्य आहे. 'मूल' हा अर्थ टाळता येत नाही. तो गोळा आधी एकाकडे आणि मग दुसऱ्याकडे सरकतो, स्पर्श मागतो, आणि दोघेही त्याला ढकलून देतात. हे पाहताना पोटात कालवते, आणि तसे कालवावे अशीच ती योजना आहे. परंतु गोळा कशाचा आहे ते विसरू नये. तो दोघांच्याच मातीचा आहे. एकरूप होताना आपले किती आणि समोरच्याचे किती याचा हिशेब राहिला नाही, आणि विलग होताना प्रत्येकाने आपापला आकार पुरा करून घेतला. मग जे उरले ते कोणाचे? मूल, घर, कर्ज, एखादी जुनी चूक, दोघांनी मिळून बोललेले खोटे, यांपैकी काहीही त्या जागी येऊ शकते. आपल्याकडे मोडलेल्या संसाराविषयी बोलताना 'तुझं-माझं' हा शब्द जसा वापरतात, त्या शब्दातील जोडरेघेची जागा म्हणजे तो गोळा, असे मला वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट शेवटी आहे. गोळा एकमेकांच्या अंगावर फेकला जातो, मग दोघे परस्परांचे चेहरे ओरबाडू लागतात, बोटे गालांत रुततात, मातीवर खोल चऱ्या पडतात, आणि अखेर दोघांचा मिळून एकच लगदा उरतो. आता सुरुवातीचे मीलन पुन्हा डोळ्यांसमोर आणा. तिथेही दोन शरीरे विरघळून एकच लाट झाली होती. माती तीच आणि परिणाम तोच, म्हणजे दोघांतील सीमारेषा पुसली जाणे. फरक एवढाच की आधी ती कुरवाळून पुसली गेली आणि नंतर ओरबाडून. प्रेम आणि द्वेष यांवर भाष्य करणारा एकही शब्द न उच्चारता केवळ मातीच्या पृष्ठभागावरून हे सांगता येते, ही या माध्यमाची ताकद आहे. चित्रपट बंद असलेल्या वर्षांत श्वांकमायर स्पर्शाविषयी प्रयोग करत होते, हाताला जाणवतील अशा वस्तू आणि कविता घडवत होते. तो रियाज येथे कामी आला आहे. हा भाग आपण डोळ्यांनी पाहतो खरे, पण तो कळतो तळहाताला.

प्रश्न : पहिल्या भागातील फळांची मस्तके जुन्या चित्रांवरून घेतली आहेत असे कळले. ते माहीत नसेल तर अर्थ लावण्यात उणेपणा राहतो का? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : उणेपणा राहत नाही, पण माहीत असल्यास एक थर वाढतो. ती मस्तके जुझेप्पे आर्चिंबोल्दो या सोळाव्या शतकातील इटालियन चित्रकाराच्या शैलीतील आहेत. त्याने हाब्सबुर्ग राजदरबारात व्हिएन्ना आणि प्राग येथे काम केले, आणि १५९०च्या सुमारास सम्राट दुसरा रुडॉल्फ याचे फळे, भाज्या व फुले यांनी बनलेले व्यक्तिचित्र रंगवले. म्हणजे प्रागमध्ये वाढलेल्या दिग्दर्शकासाठी हा परका संदर्भ नाही, स्वतःच्या गावचा वारसा आहे. आर्चिंबोल्दोची ऋतू आणि महाभूते यांची चित्रे एकमेकांकडे तोंड करून टांगता येतील अशी, बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांची आहेत. तिथे ऋतू आणि महाभूत समोरासमोर आले की विश्वातील मेळ सूचित होतो आणि राजसत्तेचा गौरव होतो. श्वांकमायर यांनी तीच मांडणी घेतली, मस्तकांना एकमेकांच्या दिशेने चालवले आणि तोंडे उघडली. चारशे वर्षे शांतपणे समोरासमोर असलेले चेहरे हलू लागताच मेळाऐवजी भूक दिसते. हा थर मला फार मोलाचा वाटतो, परंतु चित्र न पाहिलेल्या माणसालाही भूक दिसतेच.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. प्रतीक म्हणजे काय हे समजावण्यासाठी हा चित्रपट इयत्ता नववीच्या वर्गात दाखवावा का? — एक शिक्षिका, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : दुसरा भाग त्या वयासाठी नाही, तो वगळावा. पहिला भाग काही मुलांना किळसवाणा वाटेल, पण चालेल. वर्गासाठी सर्वांत उत्तम तो तिसरा भाग. त्यात टेबलावर दोन वृद्धांची मस्तके समोरासमोर असतात आणि त्यांच्या तोंडांतून वस्तू बाहेर येतात: एकाने दाताचा ब्रश काढला की दुसरा पेस्ट काढतो, बुटाला लेस मिळते, पावाला लोणी, पेन्सिलीला शार्पनर. थोड्या वेळाने जोड्या बिघडतात, बुटाला लोणी फासले जाते, भलत्याच वस्तूला शार्पनर लावला जातो, आणि शेवटी दोन्ही मस्तकांना तडे जाऊन ती धापा टाकत राहतात. या भागाच्या नावातील चेक शब्दाचा अर्थ 'थकवून टाकणारा' असाही होतो आणि 'विषय संपेपर्यंत केलेला' असाही.

मुलांना आधी अर्थ विचारू नका. फळ्यावर दोन रकाने आखा. पहिल्यांदा दाखवताना डाव्या रकान्यात फक्त वस्तूंची नावे लिहून घ्या, आणि दुसऱ्यांदा दाखवताना उजव्या रकान्यात त्या वस्तूंचे काय झाले ती क्रियापदे. त्यानंतर एकच प्रश्न विचारा: यातल्या कोणत्या वस्तूचा दोष होता? मुले सांगतील की लोणी चांगले होते, बूटही चांगला होता. तिथे थोडे थांबा आणि त्यांना घरातले एखादे असे बोलणे आठवायला सांगा, ज्यात दोन्ही माणसांचे म्हणणे बरोबर होते आणि तरीही जेवणे तशीच राहिली.