ॲबर्डीनच्या जुन्या ग्रॅनाइट घरात रेस्टॉरंट केलं, तर मधल्या भिंती का पाडत नाहीत?

तुम्ही स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला अशा घरात जेवलात, चार लहान खोल्यांत टेबलं दाटीनं मांडलेली, आणि विचारताय की सरळ एक हॉल का नाही केला. मी इथे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून सांगतो.

आपल्या वाड्यात भार खांब-तुळयांवर असतो, भिंत बरीचशी आडोशाला. इथे उलटं. बाहेरच्या दोन-दोन फुटी भिंती आणि मधली जाड भिंत, यांच्यावर मजले टेकलेले. मधली काढायची तर वर लोखंडी तुळई हवी, आणि घर वारसा यादीत असेल तर कौन्सिलची वेगळी परवानगी. ती सहजी मिळत नाही. माझ्या मते मिळूही नये.

आपल्याकडे ग्रॅनाइट म्हणजे ओटा, त्यामुळे अख्खं घर ग्रॅनाइटचं म्हटलं की थाट वाटतो. इथे तो घरचाच दगड, रुबिस्लॉच्या खाणीतला. (खाण 1971 साली बंद झाली, साधारण 140 मीटर खोल खड्डा, आता पाण्यानं भरलेला.) छिन्नीला दाद न देणारा दगड, म्हणून दर्शनी बाजूला नक्षी जवळजवळ नाहीच. आर्चिबाल्ड सिम्पसनसारख्या वास्तुविशारदानं सगळी शोभा खिडक्यांच्या प्रमाणात आणली. पावसानंतर ऊन पडलं की दगडातला अभ्रक चमकतो, तेवढाच दागिना.

खरी गंमत मागच्या बोळात. घडीव दगड फक्त रस्त्याच्या बाजूला. मागे मोठे चौकोनी दगड, आणि दोन दगडांमधल्या फटीत एकावर एक तीन चिपा. याला 'ॲबर्डीन बाँड' म्हणतात. ॲबर्डीनकरांच्या चिक्कूपणाचे विनोद इथे पुष्कळ चालतात. ही भिंत बघून ते पटतात.

रेस्टॉरंटवाल्याची डोकेदुखी मात्र भिंत नाही, वाफ. ग्रॅनाइट पाणी फारसं शोषत नाही. ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून. आधी कुणी सिमेंटनं हे सांधे भरले असतील तर ती आतच कोंडते. एका ठिकाणी आम्ही गिलावा उतरवला, तर मागची लाकडी पट्टी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी बोटानं तुटली.

पुढच्या वेळी पहिल्या मजल्यावरची, रस्त्याकडची खोली मागा. तो मूळचा दिवाणखाना. खिडकीच्या दोन्ही बाजूंना लाकडात घडी घालून ठेवलेली झडपं बहुधा अजून असतात. रंगाचे थर बसून चिकटली नसतील, तर वेटरला विचारून एकदा ओढून बघा.