यीस्ट नाही, ओव्हन नाही. कढईत केलेला सोड्याचा ब्रेड दोनदा दगडासारखा झाला. काय चुकलं?

तुम्ही लिहिलंय की गावात यीस्ट मिळत नाही, मुलं ब्रेड मागतात, म्हणून कणकेत सोडा आणि ताक घालून कढईत ब्रेड केलात आणि दोन्ही वेळा तो दगड झाला. तुमच्या कृतीतली एक ओळ वाचून मी थांबले: ‘पीठ दहा मिनिटं चांगलं तिंबलं आणि अर्धा तास झाकून ठेवलं.’ ब्रेड तिथेच बिघडला. माझेही पहिले तीन-चार ब्रेड असेच गेले, कारण हाताला पोळ्यांची सवय. कणीक दिसली की हात तिंबायलाच लागतात.

यीस्ट तासन्‌तास हळूहळू वायू सोडतं. तो धरून ठेवायला पीठ चिवट लागतं, म्हणून त्या ब्रेडचं पीठ भरपूर मळतात आणि फुगायला ठेवतात. सोड्याचं तसं नाही. ताकातलं आम्ल लागलं की तो लगेच फसफसतो. अर्धा तास ठेवलंत तर बराचसा वायू भांड्यातच निघून जातो, आणि तिंबून चिवट झालेलं पीठ उरलेल्या वायूने फुगत नाही. म्हणून सोड्याचा ब्रेड मळायचा नाही, नुसता गोळा करायचा आणि लगेच तापलेल्या कढईत सोडायचा.

आयर्लंडमध्ये घरोघरी हाच ब्रेड होतो: पीठ, सोडा, मीठ, ताक. तिथला गहू मऊ, चिवटपणा कमी असलेला. यीस्टच्या ब्रेडला तो फारसा चालत नाही, पण सोड्याच्या ब्रेडला उत्तम. 19व्या शतकात सोडा मिळू लागला तशी ही पद्धत तिथे रुळली. ओव्हन सगळ्यांकडे कुठे होता? लोखंडी भांडं चुलीवर, आणि त्याच्या सपाट झाकणावर पेटत्या पीटचे (दलदलीतून खणून वाळवलेल्या, जळणासाठी वापरायच्या मातीचे) निखारे. कोकणात धोंडस वर-खाली निखारे ठेवून भाजतात, तसंच. तेव्हा ओव्हन नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता माप. 125 ग्रॅम कणीक, 125 ग्रॅम मैदा, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा (सपाट, शीग नको), अर्धा चमचा मीठ. नुसत्या कणकेचाही होतो, पण जड होतो; पहिल्या वेळी मैदा घ्याच. सोड्याची गुठळी राहिली तर त्या जागी पिवळट डाग पडतो आणि घास साबणासारखा लागतो, म्हणून हे सगळं एकत्र दोनदा चाळा. ताक साधारण 200 मिलिलिटर. जेवणानंतर पितो तसलं पातळ ताक चालणार नाही. आंबट दही घ्या आणि थोडंसंच पाणी घालून घुसळा. दही गोड असेल तर त्यात एक चमचा लिंबाचा रस पिळा, नाहीतर सोडा नुसता पडून राहतो.

ताक घालायच्या आधी कढई तापत ठेवा, हे विसरू नका. जाड बुडाची बिडाची किंवा ॲल्युमिनियमची कढई, आत स्टँड, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं. पाणी घालायचं नाही. नॉनस्टिक कढई मात्र अशी रिकामी तापवू नका. कढई तापली की पिठात ताक ओता आणि बोटं फाकवून गोल फिरवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गोळा ओबडधोबड आणि थोडा चिकट दिसेल. तो तसाच हवा, गुळगुळीत करायला जाऊ नका. तूप लावलेल्या ताटलीत ठेवा, साधारण दीड इंच जाड थापा, आणि सुरीने अधिक चिन्हासारखी खोल चीर द्या. चिरेमुळे मधल्या जाड भागापर्यंत आच पोचते.

ताटली लगेच कढईतल्या स्टँडवर ठेवा, झाकण लावा आणि मंद-मध्यम आचेवर 40 ते 45 मिनिटं भाजा. पहिली 30 मिनिटं झाकण उघडू नका. सुरी खुपसून कोरडी आली आणि तळावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, की झाला. वरची बाजू पांढरटच राहील, ती तव्यावर तीन-चार मिनिटं उलटी ठेवून खरपूस करा. मग स्वच्छ फडक्यात गुंडाळा, म्हणजे कवच मऊ राहतं. जरा निवल्याशिवाय कापू नका.

डब्यातला सोडा जुना असेल तर चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळून बघा. जोरात फसफसला नाही तर नवीन आणा. सोड्याऐवजी इनो चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. चालेल, पण त्यात सोड्याबरोबर सायट्रिक ॲसिड आधीच असतं, त्यामुळे तो ओलं लागताच फसफसतो आणि आणखी घाई करावी लागते. मी सोडा-ताकच वापरते. चवही ताकाचीच चांगली येते.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा: हा बेकरीच्या स्लाइससारखा नसतो. भुसभुशीत असतो, सँडविच केलं तर तुटतं. कोमट असताना लोणी लावून, नाहीतर घट्ट पिठल्याबरोबर फार छान लागतो. दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, तेव्हा जाड काप करून तुपावर भाजा.

आणि कढईपाशी पाऊण तास थांबायला वेळ नसेल त्या दिवशी खानदेशी बट्टी करा. जाडसर दळलेली कणीक, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, मोहन आणि चिमूटभर सोडा. तिचं पीठ मात्र घट्ट मळायचं. गोळे वाफवून घ्या, निवल्यावर चिरा आणि तुपात किंवा तेलात तळा. वाफवलेले गोळे सकाळीच करून ठेवता येतात, संध्याकाळी मुलं आली की तळून वरणाबरोबर वाढायचे.