नवीन लॅपटॉपवर रेकॉर्डिंगसाठी सॉफ्टवेअर कुठलं घेऊ म्हणतोस ना, तर हे वाच

तुझा मेसेज वाचला, लॅपटॉप आला हे ऐकून खूप बरं वाटलं. एवढ्या सगळ्या सॉफ्टवेअरची नावं पाठवलीस आणि विचारलंस यातलं बेस्ट कुठलं, पण आधी मला सांग तुला रेकॉर्ड काय करायचंय? स्वतःचा आवाज आणि गिटार, की लॅपटॉपवरच बीट्स बनवायचेत? कारण उत्तर तिथेच बदलतं.

आवाज आणि वाद्य रेकॉर्ड करायचं असेल आणि विंडोज असेल तर रीपर घे, माझं मत पक्कं आहे. 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं, कुठलंही फीचर लॉक नसतं आणि साध्या मशीनवरही हलकं चालतं. फक्त त्यात तयार वाद्यांचे आवाज जवळपास नाहीतच, ते व्हीएसटी प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम, म्हणून वेगळे टाकावे लागतात. मॅक असेल तर गॅरेजबँड उघड आणि आजच सुरू कर, पुढे ॲपलच्याच मोठ्या सॉफ्टवेअरवर, लॉजिकवर गेलास तरी तेच प्रोजेक्ट तिकडे उघडतात. बीट्ससाठी एफएल स्टुडिओ किंवा एबलटन लाइव्ह. एफएलच्या ट्रायलमध्ये सेव्ह होतं पण सेव्ह केलेलं प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय परत नीट उघडत नाही, हे आधीच माहीत असू दे, नाहीतर रात्रभर बसून केलेलं काम अडकून पडेल. ऑडॅसिटी आवाज कापायला, साफ करायला मस्त आहे, पण मिडीवर, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा याच्या सूचनांवर, वाद्यं लावून गाणं रचायला ते नाहीये. आणि ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-गिटार लॅपटॉपला जोडायचं यंत्र, घेणार असशील तर डब्यासोबत काय येतं ते बघ, बऱ्याचदा एबलटनची छोटी आवृत्ती लाइव्ह लाइट फुकट मिळते.

आता जे खरं महत्त्वाचं आहे ते. सुरुवातीला जवळपास सगळे अडकतात ते सॉफ्टवेअरपाशी नाही, लेटन्सीपाशी, म्हणजे आवाजाला होणाऱ्या उशिरापाशी. हेडफोन लावून गायला लागलास की स्वतःचा आवाज उशिरा कानात येतो, ताल सुटतो, आणि वाटतं सॉफ्टवेअरच खराब आहे, मग दुसरं डाउनलोड, मग तिसरं, आणि त्रास तोच. विंडोजवर इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारा प्रोग्राम) टाक आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवड, इंटरफेस नसेल तर तात्पुरता एसिओफॉरऑल हा फुकट ड्रायव्हर चालतो. मॅकमध्ये हेच काम करणारं कोअर ऑडिओ आधीच असतं. मग बफर साइज बघ, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती बारीक तुकडे (सॅम्पल) जमवून पुढे पाठवतो. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंद आणि 1024 म्हणजे 21 च्या पुढे, वर आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा असा उशीर दोनदा लागतो. म्हणून रेकॉर्ड करताना 128 ठेव, कडकड आवाज आला तर 256 कर, आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवायला, बसलास की खुशाल 1024 वर ने, कारण तेव्हा प्लगइनचा भार जास्त असतो आणि उशिराने काही बिघडत नाही. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं (माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण असेल तर गाताना ते चालू ठेव, मग आवाज लॅपटॉपमधून फिरून येतच नाही. ब्लूटूथ हेडफोन मात्र रेकॉर्डिंगला अजिबात नको, त्यात सहज 100 मिलिसेकंदांच्या वर उशीर होतो आणि बफर कितीही कमी केलास तरी तो जात नाही, वायरवालाच घे. चार्जर लावून ठेव, पॉवर सेव्हिंग मोडमध्ये प्रोसेसर स्लो झाला की आवाज तुटतो.

सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. लेव्हल वरपर्यंत न्यायची गरज नाही, सगळ्यात जोरात गातानाही मीटर -12 डीबीच्या आसपास राहू दे, 24 बिटमध्ये नंतर वाढवलंस तरी चालतं पण क्लिप झालेला, म्हणजे लेव्हल मर्यादेच्या वर जाऊन फाटलेला, सूर परत मिळत नाही. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडं वर लागतं, म्हणजे 4 मिनिटांच्या गाण्याचे 20 ट्रॅक केलेस तरी 700 एमबीच्या आतच, तेव्हा डिस्कची काळजी नको पण बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर पाहिजेच.

एक सॉफ्टवेअर निवडलं की त्यात एक अख्खं गाणं पूर्ण कर, अगदी साधं, आवाज आणि एक वाद्य, रेकॉर्डपासून एक्सपोर्टपर्यंत. त्याआधी दुसरं इन्स्टॉल करू नकोस प्लीज. रेकॉर्ड, एडिट, ईक्यू (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणं), कंप्रेसर (जोरात आणि हळू आवाजातला फरक कमी करणं) हे सगळीकडे जवळपास सारखंच आहे, एकदा हातात बसलं की दुसरीकडे फक्त बटणांच्या जागा शोधायच्या राहतात.

गाणं झालं की मला एमपी3 नको पाठवूस, प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह (WAV) फाइल म्हणून काढ आणि सगळे गाण्याच्या शून्यापासून सुरू होऊ दे, म्हणजे मी माझ्याकडे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकले तरी आपोआप जुळतील. सोबत टेम्पो किती ठेवलास तेही लिही.