नैनितालच्या हॉटेलनं रूमही दिली नाही आणि पैसेही ठेवून घेतले, बडोद्यातून केस करता येईल का?

बडोद्याच्या एका ताईंनी विचारलंय. लग्नाला दीड वर्ष झालंय, आधारवर अजून माहेरचंच आडनाव आहे. ॲपवरून नैनितालला चार रात्रींची रूम बुक केली, १८,४०० रुपये आधीच भरले, काठगोदामहून टॅक्सीनं संध्याकाळी पोचले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला आडनावं वेगळी आहेत, मॅरेज सर्टिफिकेट दाखवा. मोबाइलमधले लग्नाचे फोटो दाखवले तरी ऐकेना, वर गळ्यात मंगळसूत्र का नाही असं विचारलं. रात्री मल्लीतालमध्ये दुसरी महागडी रूम घ्यावी लागली, या गोंधळात सकाळी नैना पीकच्या ट्रेकचा गाइड हुकला, त्याचा ॲडव्हान्स गेला, आणि ॲपवर बघतात तर 'नो शो', म्हणजे पाहुणे आलेच नाहीत, रिफंड शून्य. सासूबाई म्हणतात केसच्या फंदात पडू नका, आधी आधार बदला.

ताई, आधी आधारचं बोलू. लग्नानंतर बायकोनं आडनाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. तुम्हाला मनापासून बदलायचं असेल तर जरूर बदला, पण एका हॉटेलवाल्यानं अडवलं म्हणून बदलू नका. मंगळसूत्राबद्दल विचारायचा तर त्याला काहीच अधिकार नव्हता, हे वाचून मला खरंच राग आला.

हॉटेल दोघांचं ओळखपत्र मागू शकतं, ते बरोबरच आहे, ते तुम्ही दिलंत. पण नवरा-बायको असल्याचा पुरावा घेतल्याशिवाय रूम देऊ नये असा कायदा नाही. मद्रास हायकोर्टानं २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी हॉटेलात एका रूममध्ये राहण्यावर बंदी घालणारा कायदा नाही, तुम्ही तर रीतसर लग्न झालेले. उत्तराखंडात २०२५ पासून समान नागरी संहिता लागू आहे, तिचं नाव ते घेतील, पण तिथली लिव्ह-इनची नोंदणी लग्नाशिवाय एकत्र घर करून राहणाऱ्या जोडप्यांसाठी आहे, चार दिवस फिरायला आलेल्या नवरा-बायकोचा तिच्याशी संबंध नाही.

आता मुद्द्याचं सांगते. लग्न सिद्ध करत बसू नका, तुमची केस त्या 'नो शो'वर उभी आहे. तुम्ही पोचलात, त्यांनी परत पाठवलं आणि वर लिहिलं की तुम्ही आलाच नाहीत, हे सरळ खोटं आहे आणि ते पाडायला तुमच्याकडे भक्कम कागद आहे, त्याच रात्रीचं मल्लीतालच्या हॉटेलचं बिल. त्याबरोबर टॅक्सीची पावती, हॉटेलला केलेल्या फोनचा कॉल लॉग, ॲपवरचं चॅट, गाइडला पाठवलेले पैसे, सगळं एकत्र ठेवा. काहीही डिलीट करू नका, फोनही बदलू नका, कारण स्क्रीनशॉट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल पुरावा खरा असल्याचा दाखला, जोडावं लागेल. हॉटेलला आजच्या आज लेखी कळवा की त्या संध्याकाळचं रिसेप्शनचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, ते लवकर पुसलं जातं.

नैनितालला खेटे घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्या बडोद्यातच. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत आहे म्हणून फी नाही, ऑनलाइन दाखल करता येते, वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण वाट बघत बसू नका. हॉटेल आणि ॲप दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा, ॲपवाले म्हणतील आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, तरी सोडू नका, पैसे त्यांच्यामार्फत गेले आणि 'नो शो' त्यांच्याच पानावर लागलंय. त्याआधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्यांना बंधनकारक आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, बरेचदा तिथेच पैसे परत मिळतात.

मागणीत १८,४०० रुपये व्याजासकट, दुसऱ्या हॉटेलचा जास्तीचा खर्च, गाइडचा ॲडव्हान्स, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च लिहा. त्रासाची रक्कम उगाच लाखांत टाकू नका, आयोगाला ती पटली पाहिजे.

एकच गोष्ट मला काळजीची वाटते. बुकिंगच्या पानावर किंवा व्हाउचरवर 'मॅरेज प्रूफ आवश्यक' असं लिहिलेलं होतं का? असेल तर हॉटेल त्यावरच लढेल. तशी अट मुळात अन्यायकारक आहे असं म्हणता येतं, पण अट रद्दबातल ठरवायचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाला आहे, मग जिल्ह्यात आपण खोट्या 'नो शो'वर आणि अडवलेल्या रिफंडवरच जोर द्यायचा. म्हणून हॉटेलला आणि ॲपला नोटीस पाठवायच्या आधी ते व्हाउचर शेवटच्या बारीक ओळीपर्यंत दोघांनी बसून वाचा आणि मला त्याचा फोटो पाठवा.