जुन्या एअर रायफलीत सुंदर काय असतं?

तुमचा प्रश्न असा आहे की जुन्या एअर रायफलींना लोक सुंदर का म्हणतात. तुम्हाला तर एक जाड नळी, तिच्यापुढे एक बारीक नळी आणि मागे लाकूड एवढंच दिसतं, आणि सगळ्या सारख्याच वाटतात. तुम्ही पाहिलंय ते अगदी बरोबर आहे. रायफल देखणी होते की बेढब, हे त्या जाड आणि बारीक नळीच्या सांध्यावरच ठरतं.

मी बरीच वर्षं स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या रायफली उघडून, साफ करून पुन्हा जोडतो आहे. दारूवर चालणाऱ्या बंदुकीची नळी मागून पुढे सावकाश निमुळती होत जाते, त्यामुळे नजर आपसूक टोकाकडे जाते. एअर रायफलीत ही सोय नाही. तिच्या जाड सिलिंडरमध्ये स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा दाबली जाते आणि त्या हवेने छर्रा सुटतो. दट्ट्याला धावायला लांबी हवी, पुरेशी हवा मावायला रुंदी हवी. त्याला अडवून धरणारा खटका सिलिंडरच्या मागच्या टोकाला, म्हणून चापही मागे सरकतो. बंदुकीच्या मधोमध जाडजूड नळकांडं येणार हे ठरलेलंच. ती जाडी पुढच्या सडपातळ नळीत कशी उतरवायची, हे मात्र कारागिराच्या हातात असतं.

माझ्या मते हे सगळ्यात छान साधलं ते बर्मिंगहॅमचे बंदूक कारागीर लिंकन जेफ्रीज यांना. 1904 साली त्यांनी पेटंट घेतलं आणि 1905 पासून बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) या कंपनीने त्या रचनेच्या रायफली बनवायला घेतल्या. तोवरच्या बऱ्याच एअर रायफली मधून मोडायच्या: नळी खाली दाबायची, स्प्रिंग ताणली जायची, छर्रा भरून नळी परत जागेवर आणायची. बिजागरी सैल झाली की नळी हलायची आणि नेम चुकायचा. जेफ्रीज यांनी नळी पक्की बसवली आणि स्प्रिंग ताणायला तिच्या खाली वेगळा दांडा दिला. तो काम झाल्यावर नळीला चिकटून असा पडून राहतो की दोन्ही मिळून एकच रेघ दिसते. मोडायचा सांधाच गेल्यामुळे सिलिंडरपासून नळीच्या टोकापर्यंतची ओळ कुठेही तुटत नाही. नेम पक्का राहावा म्हणून केलेल्या बदलातून रूप आलं, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

पण मग छर्रा भरायचा कुठून? सिलिंडर जिथे संपतो तिथे एक छोटी खुंटी असते. ती फिरवली की आतला निमुळता गोल तुकडा, नळाच्या तोटीसारखा, वळतो आणि त्यातलं भोक वर येतं. त्यात छर्रा टाकायचा, खुंटी परत फिरवायची, भोक नळीच्या रेषेत येतं. तो तुकडा बाहेर काढून बोटांवर फिरवून पाहावा असा असतो. हवा अडवायला त्याच्याभोवती ना रबर, ना वॉशर. धातूवर धातू घासून इतका नेमका बसवलेला की मधे फक्त तेलाचा पातळ थर राहतो. चांगली राखलेली तोटी फिरवताना बोटाला लोण्यातून सुरी फिरल्यासारखं वाटतं आणि शेवटी अगदी हलकी टिक ऐकू येते.

त्या काळच्या बीएसएला पुढे लाकूडच नसतं, अक्रोडाचा दस्ता सिलिंडरच्या मागे संपतो. डावा हात थेट धातूवर येतो. म्हणून हाताळलेल्या रायफलीवर निळा-काळा मुलामा नेमका तेवढ्याच जागी उडालेला असतो आणि खालचं करडं पोलाद उघडं पडतं. कृपा करून तो भाग कोणी नव्याने काळा करू नये.

मोडणाऱ्या रायफलीही देखण्या असू शकतात. जर्मनीतल्या वायराउख कंपनीची 1951 साली आलेली एचडब्ल्यू 35 ही रायफल पाहा. तिच्या सांध्यावर नळी घट्ट धरणारी वेगळी कडी आहे, आणि ती लपवण्याचा प्रयत्नच केलेला नाही. 1960च्या दशकातल्या फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीच्या नेमबाजीच्या रायफली मला ठोकळ्यासारख्या वाटायच्या. त्यांतला सिलिंडर-नळीचा सगळा संच झाडताना दस्त्यावर मागे सरकतो आणि खांद्याला धक्का लागू देत नाही, हे कळल्यावर तो रुंद दस्ता मला पटला. नक्षीकाम केलेल्या रायफली मात्र मला आवडत नाहीत. सांधा फसलेला असला की वेलबुट्टी त्याच्यावर पांघरूण घालते, एवढंच.

त्याहूनही मागे जायचं तर 18व्या शतकातली जिरांदोनी ही हवेची रायफल आहे, ऑस्ट्रियाच्या सैन्याने वापरलेली. तिच्यात दस्ता हीच हवेची टाकी आहे. त्या काळी काही हवेच्या बंदुकांना नळीखाली तांब्याचा गोळा लटकवत असत, त्यांच्या शेजारी ठेवून पाहिली की तिची सरळ रेघ लगेच डोळ्यात भरते.

तुम्हाला सगळ्या सारख्या वाटतात ना, तर दोन जुन्या रायफलींचे बाजूने काढलेले फोटो समोर घ्या. लाकूड हाताने झाका, नळीचं टोकही झाका, आणि सिलिंडर संपून नळी सुरू होते तेवढा चार बोटांचा भागच पाहा.