चीनमध्ये कामगाराने दाद मागायची कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

चीनमध्ये बांधकामावरच्या मजुराचे पैसे मुकादमाने बुडवले, तर मजूर थेट कोर्टात जातो का? (एक वाचक, नाशिक)

सहसा नाही. आधी श्रम लवादाकडे अर्ज करावा लागतो. १ मे २००८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार त्याला फी नाही आणि मुदत एक वर्षाची आहे. पगार थकलेला असेल, तर हे वर्ष नोकरी सुटल्यापासून मोजतात. लवादाने ४५ दिवसांत निकाल द्यायचा, प्रकरण किचकट असेल तर आणखी १५ दिवस. निकाल पटला नाही, तर मजुराला १५ दिवसांत कोर्टात जाता येतं. मालकाने ‘एवढे पैसे देणं लागतो’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं असेल आणि वाद तेवढ्याच रकमेचा असेल, तर मात्र लवादाची पायरी टाळून सरळ दिवाणी दावा लावता येतो. एवढ्याशा चिठ्ठीने कित्येक महिने वाचतात.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. लेखी करार न करता महिन्याहून जास्त राबवून घेतलं, तर त्यापुढच्या काळासाठी, अकरा महिन्यांपर्यंत, दुप्पट पगार द्यावा लागतो, असं २००८ पासूनचा श्रम करार कायदा सांगतो. पण बांधकामावर कंपनीने ठेका दिलेला, त्याचा उपठेका, आणि शेवटी मुकादम, तोही बऱ्याचदा मजुराच्याच गावचा. गाववाल्याकडे कागद कोण मागणार? हिशेब होतो चिनी नववर्षाच्या तोंडावर, माणसं घरी निघताना. त्यामुळे थकबाकीची बोंबही दर हिवाळ्यात उठते. १ मे २०२० पासूनच्या नियमावलीने यावर बरा उपाय काढला: मजुरीसाठी वेगळं बँक खातं ठेवायचं, आणि उपठेकेदाराने बुडवलं तर मुख्य ठेकेदाराने आधी भरायचं, मग त्याच्याकडून वसूल करायचं. ऐपत असून पगार न देणं आणि सरकारने बजावूनही न देणं, हा २०११ पासून फौजदारी गुन्हाही आहे.

‘९९६’ तिथे कायदेशीर आहे का? (एक वाचक, हिंजवडी)

नाही. ‘९९६’ म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस काम. आणि कायद्याने जादा काम महिन्याला फार तर ३६ तास. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च लोक न्यायालय आणि श्रम मंत्रालयाने दहा नमुना प्रकरणं प्रसिद्ध केली. त्यातल्या एकात कुरियर कंपनीच्या कर्मचाऱ्याने असे तास नाकारले म्हणून त्याला काढलं होतं. त्याला ८,००० युआन भरपाई मिळाली. नोकरी टिकवून भांडणारे अर्थातच थोडे.

कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात संपाचा हक्क नाही, हे खरं? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

१९७५ आणि १९७८ च्या राज्यघटनांत तो होता. १९८२ च्या घटनेतून तो वगळला. संप हा शब्दशः गुन्हा नाही, पण त्याला संरक्षणही नाही. गर्दी जमवून सुव्यवस्था बिघडवल्याचं कलम लावता येतं. युनियन एकच, अखिल चीन कामगार महासंघ, आणि तो कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखाली. तरी संप होतातच. २०१० मध्ये फोशानजवळ होंडाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला, तेव्हा स्थानिक युनियनचेच लोक संपकऱ्यांशी झटापट करायला आले होते. पगार वाढला, पण युनियनमुळे नव्हे. २०१४ मध्ये डोंगग्वानच्या युए युएन बूट कारखान्यातले हजारो कामगार सामाजिक विम्याच्या थकबाकीसाठी बाहेर पडले. मागणी कायद्यातलीच होती. थकबाकी भरायचं कंपनीने मान्य केलं. कामगारांना सल्ला देणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी काहींना मात्र पोलिसांनी उचललं.

एकट्याने लवादाकडे गेलात तर अर्ज घेतात, हजारजण मिळून गेलात तर नावं घेतात. आणि नाकं मुरडण्याआधी: संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकांचे करार भारतानेही मान्य केलेले नाहीत.

मी सुझोऊत आहे. वर्क परमिट एका कंपनीच्या नावावर, काम दुसऱ्याच कंपनीत. आता पगार थकलाय. (एक वाचक)

परमिटवर जिचं नाव आहे त्या कंपनीव्यतिरिक्त दुसरीकडे काम करणं बेकायदा रोजगार ठरतो. परमिट नसलेल्या परदेशी माणसाचं मालक-कामगार नातं तिथली कोर्टं मानत नाहीत, त्यामुळे नुकसानभरपाई आणि दुप्पट पगार विसरा. केलेल्या कामाचा मोबदला मागता येतो, पण तक्रार करताना तुम्ही स्वतःही उघडे पडता: दंड ५,००० ते २०,००० युआन, गंभीर प्रकरणात कोठडी. तेव्हा आधी स्थानिक वकील गाठा. आणि विचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवरचे संदेश, हजेरी, बँकेच्या नोंदी आजच उतरवून ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नको.