ड्रायवॉलवर टीव्ही लावला तर पडेल का?

प्रश्न: हॉलचा एक कोपरा पार्टिशन घालून स्टडी म्हणून वेगळा काढायचाय. विटांचं काम म्हणजे धूळ, पाणी, वाळेपर्यंत थांबा, म्हणून काँट्रॅक्टर ड्रायवॉल सुचवतोय. घरचे म्हणतात पुठ्ठ्याची भिंत ती, वाजवली की पोकळ लागते. तिच्यावर टीव्ही नि पुस्तकांचं शेल्फ राहील का? आणि आवाजाचं काय?

उत्तर: पोकळ लागणारच, आतून पोकळच असते ती. जीआय चॅनेलचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा) सांगाडा, दोन्ही बाजूंना साधारण साडेबारा मिलीचा जिप्सम बोर्ड, म्हणजे कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम. विटांची अर्धी भिंत प्लास्टरसकट चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जाते, ही वीस-पंचवीस किलोत होते, त्यामुळे स्लॅबवर फारसा भार नाही. पुठ्ठा म्हणून आगीची भीती घालतात ते मात्र उगाच, जिप्सममध्ये वजनाच्या जवळजवळ एक पंचमांश पाणी बांधलेलं असतं, आग लागली की आधी त्याची वाफ होते नि तेवढा वेळ मिळतो.

टीव्ही राहतो, पण नुसत्या बोर्डवर नाही. फोटोफ्रेमला साधा अँकर (पोकळ भिंतीत स्क्रू धरून ठेवणारा गट्टू) चालतो, टीव्ही आणि पुस्तकांचं शेल्फ (पुस्तकं किती जड असतात ते घर बदलताना कळतं) यांचं वजन सांगाड्यावरच गेलं पाहिजे, त्यासाठी त्या जागी आत चॅनेलच्या मध्ये जाड प्लायचा तुकडा बसवून घ्यायचा आणि हे बोर्ड लावायच्या आधी ठरवायचं, नंतर भिंत फोडावी लागते. स्क्रूवरही लक्ष ठेवा, डोकं कागदाच्या किंचित आत जायला हवं पण कागद फाटता कामा नये, फाटला की त्या स्क्रूची पकड गेलीच समजा.

आवाजासाठी आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) भरा, जमलं तर बोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक न आणता. पण लोक हा खर्च करतात आणि खाली-वर फट तशीच सोडतात किंवा दोन्हीकडचे स्विचबॉक्स पाठीला पाठ बसवतात, मग सगळं बोलणं तिथून आरपार. फटी सीलंटने बंद करा. आणि फॉल्स सीलिंग असेल तर पार्टिशन वर स्लॅबपर्यंत न्यायला सांगा, नाहीतर आवाज सीलिंगवरून पलीकडे उतरतो.

बोर्ड जमिनीला टेकवू नका, सेंटीमीटरभर वर ठेवून स्कर्टिंगने झाका, नाहीतर पुसायचं पाणी कागद शोषून घेतो नि बुरशी धरते. दुसरी बाजू बंद करायच्या आधी सांगाड्याला मेजरटेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे कधी ड्रिल मारायचं झालं तर चॅनेल आणि वायर कुठे आहेत ते कळेल.